काकी आधी आत बसल्या

कामतघरची ती खोली दाखवताना काकींनी तिचे गुण सांगितलेच नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी थेट दोषांपासून सुरुवात केली.

“पंखा तीनवर ठेवलास तं किरकिरतो, दोनवर ठेव. सकाली ऊन बरोबर डोल्यावर येतं, उशी खिरकीकरं करू नको. मोरीत पावसाल्यात गांडुलं येतात, पन ती काय करत न्हायत. आन् मागं कापड इनायचे लूम हायत. लाइट असंल तवर चालूच. त्यांचं मना काय करता येनार न्हाय.”

मी जरा बिचकून विचारलं, “आधीचे भाडेकरू तक्रार करायचे का?”

“आधी कोन नव्हतं. खोली नवी हाय. मीच र्‍हाऊन बगितलं आठ दिवस.”

वरची खोली भाड्याने द्यायची, तर तिथे राहणाऱ्याला काय काय सोसावं लागेल ते आपल्याला ठाऊक हवं, म्हणून ही बाई खालचं स्वतःचं घर सोडून आठ दिवस वर राहिली होती. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गुहागरकडून आलेली, टेमघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागलेली. मला हे सगळं विचित्र वाटलं. पण खोली घेतली. पंखा दोनवर ठेवला, उशी भिंतीकडे केली, आणि काकींनी सांगितलेल्या चारही गोष्टी शब्दशः खऱ्या निघाल्या.

काकी माझ्या खांद्याला येतील एवढ्याच. अंगाने सुकलेल्या, हनुवटीवर गोंदण, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, आणि चष्मा दोन्ही काड्यांना दोरी बांधून गळ्यात अडकवलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरची शेती गोदामांखाली गेली होती, आणि ती गोदामं मुलगा सांभाळायचा. तो बायको-मुलीला घेऊन कल्याणला सहाव्या मजल्यावर राहायचा. काकी मात्र जुनं घर आणि त्याच्या मागच्या भिंतीला टेकून असलेला लूमचा गाळा सोडून हलायला तयार नव्हत्या.

त्या मला ‘बाय’ म्हणायच्या. मला वाटायचं, मी शाळेत बाई आहे म्हणून, आणि यांचा उच्चार तसा आहे. चार-पाच महिन्यांनी त्यांनी नातीलाही ‘ये बाय, इकरं ये’ अशी हाक मारली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीबाळींना म्हणतात ते ‘बाय’ होतं ते.

दुसऱ्यावर जे करायचं ते आधी आपल्यावर करून बघायचं, हा त्यांचा एकच नेम होता, आणि त्या नेमापायी त्यांनी अख्ख्या आळीला वैताग आणला होता. पोलिओच्या डोसाचं बूथ आमच्याच आळीत लागायचं. नात लहान असताना काकी तिला कडेवर घेऊन गेल्या आणि तिथल्या नर्सला म्हणाल्या, “आधी मना दे.” नर्स म्हणाली, आजी, हे पाच वर्षांच्या आतल्या बाळांना असतं. काकी म्हणाल्या, “डोस नको गं. नुसती चव दे. ती रडंल, तवा कशापायी रडते ते मना कळाया नको?” रांग अडून राहिली. शेवटी नर्सने हात टेकले आणि काकींच्या बोटावर एक थेंब सोडला. काकींनी तो चाटला, विचार केला, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, “कारल्यासारखं करू हाय, पन लगेच जातं.”

एकदा त्या माझ्या वर्गात येऊन बसल्या. मी नको म्हणत असताना. शेवटच्या बाकावर, सातवीच्या पोरांच्या मधे, अर्धा दिवस. पोरं खुदुखुदु हसत होती आणि मी घामाघूम झाले होते. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, “त्या कोपऱ्यातल्या पोरांना फला दिसत न्हाय, नुसता चमकतो. आन् तू प्रयोग सांगितलास न, मेनबत्तीवर ग्लास पालथा घालायचा, ती विजते. तो तू करून बगितलास?”

“पुस्तकात दिलंय, काकी.”

“पुस्तकात हाय ते मना बी कळलं. तू बगितलास का?”

मी पाहिला नव्हता. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं सगळं फळ्यावर लिहून देत होते, मुलं उतरवून घेत होती. दुसऱ्या दिवशी घरून पाण्याचा ग्लास आणि मेणबत्ती घेऊन गेले, एवढं खरं.

गणपती झाल्यावर एका रविवारी काकींचा मुलगा गाडी घेऊन आला. डिकीतून आधी एक घडी घातलेला लोखंडी जाळीचा पिंजरा निघाला, मग एका खोक्यातून पिवळसर रंगाचं लॅब्रेडॉरचं पिल्लू. तीन महिन्यांचं असेल. पाय जाड, पोट तट्ट, आणि तोंडात गाडीच्या सीटचा एक तुकडा.

प्रकार असा होता. नातीने हट्ट केला म्हणून पिल्लू आणलं. नातीने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं. महिन्याभरात ब्रूनोने सोफ्याचा कोपरा, दोन चपला आणि सुनेच्या नोकरीचे कागद खाल्ले, आणि उरलेल्या वेळात घरभर घाण केली. दुकानदाराने सांगितलं, पिंजरा न्या, त्याची सवय लावा, सगळं सुरळीत होईल. घरात बसून सवय लावायला कोणाला वेळ नव्हता.

“दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत ठेव, आई,” मुलगा म्हणाला. “सुधारला तर नेतो. नाही तर गोदामावर देऊन टाकतो. वॉचमनला तसाही कुत्रा हवाच आहे. गेटला साखळीने बांधून ठेवील.”

साखळी म्हटल्यावर काकींनी मुलाकडे पाहिलं. पिल्लाला उचलून त्यांनी त्याचं तोंड उघडलं, दात पाहिले आणि म्हणाल्या, “बुरनू, भूक लागली कं र?” तेव्हापासून तो बुरनूच झाला.

पिंजऱ्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ओट्यावर काकी, त्यांच्या मांडीवर बुरनू, समोर मी. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची आणि काकी त्यावर विचार करायच्या. कुत्रा आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही, हे त्यांना लगेच पटलं. शिक्षा म्हणून कधीही आत कोंडू नये, हेही पटलं. “म्हंजी पिंजरा न्हाय म्हनायचं त्याला. खोपी म्हनायचं. त्याची खोपी.” पुढे जो कोणी पिंजरा म्हणेल त्याला त्या थांबवून शब्द बदलायला लावायच्या, दूधवाल्यालाही.

मग मी वाचलं, की पहिले काही दिवस दार उघडं ठेवावं, पिल्लू आपण होऊन आत जाईल.

“ह्ये लिवणारा कदी आत बसलाय का?” काकींनी विचारलं.

“तसं लिहिलेलं नाही.”

“न्हाय न?”

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खोपी मधल्या खोलीत उभी केलेली आणि तिच्यात काकी. गुडघे पोटाशी, डोकं जरा वाकवलेलं, दार बाहेरून लावलेलं. पिंजरा मोठ्या कुत्र्याच्या मापाचा होता, म्हणून त्या मावल्या होत्या. बुरनू बाहेर बसून त्यांच्याकडे पाहत होता. आणि दारापाशी मागच्या गाळ्यातले चाचा उभे. चाचा म्हणजे गाळ्यातले सगळ्यात जुने कारागीर, मूळचे आजमगढकडचे. त्यांची दाढी पांढरी, आणि ती कायम कापसाच्या तंतूंनी आणखी पांढरी झालेली. दार लावायचं काम काकींनी त्यांना सांगितलं होतं, आणि उघडू नका असंही सांगितलं होतं.

“टीचरजी, आप ही समझाइए,” चाचा काकुळतीला येऊन म्हणाले. “अम्मा बोलती हैं, चावल पकने तक रहूँगी. कोई देखेगा तो क्या बोलेगा, कि बुढ़िया को हमने बंद किया!”

“भात झाला क बग, बाय,” काकी आतून म्हणाल्या.

भाताला अजून वेळ होता. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मुलगा बुरनूचं खाणं द्यायला आला होता. दारात येऊन त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. “आई!” एवढंच म्हणून त्याने कडी ओढली. काकी बाहेर आल्या, कंबर धरून हळूहळू सरळ झाल्या, आणि रागावल्या त्या मुलावरच. “घाई कशाला केलीस? शेवटचं कळायचं र्‍हायलं.”

तरी जे कळलं होतं ते त्यांनी लगोलग सांगितलं. एक, चारी बाजूंनी जाळी असल्यामुळे बाजारात बसल्यासारखं वाटतं, पाठीमागून कोण येईल याचीच धास्ती. दोन, खालचा पत्रा थंड आहे आणि हललं की वाजतो. तीन, कडी लागते तेव्हा ‘खाट्’ असा जो आवाज होतो तो ऐकून छातीत धस्स होतं. “मी म्हातारी असून झालं. तो तं पोर हाय.”

त्याच संध्याकाळी खोपीच्या तीन बाजूंना जुनं लुगडं चढलं, पत्र्यावर गोधडी आली, आणि कडीला चिंधी गुंडाळली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी मी शहाण्या माणसांनी लिहिलेलं वाचलं, की पिंजरा कापडाने झाकावा. तेव्हाच्या त्या पुस्तिकेत हे नव्हतं.

शिक्षण सुरू झालं. पुस्तिका मिनिटांत बोलायची, काकी कामांत. पहिल्यांदा दार लावलं ते मूठभर तांदूळ निवडून होईपर्यंत. मग वाटीभर. मग एक भाकरी थापून भाजेपर्यंत. बुरनू रडला की त्या उठायच्या नाहीत. गप्प झाला की लगेच दार उघडायच्या. “रडल्यावर उघडलं तं रडणं शिकंल.” आठ-दहा दिवसांत तो जेवायला आपण होऊन आत जायला लागला. घरातली घाण थांबली. काकी मासळीबाजारात जाऊन यायच्या तोवर तो खोपीत निवांत पडून राहायचा.

फक्त एक गोष्ट होती. दुपारी कधीतरी तो एकाएकी असा काही आकांत करायचा, की आळी गोळा व्हायची. सगळं ठीक असायचं, झोपलेला असायचा, आणि अचानक उठून जाळीवर पंजे मारायचा, थरथरायचा. काकी शेजारी बसलेल्या असल्या तरीसुद्धा.

मी पुस्तिकेतून कारणं काढून दिली. लघवी लागली असेल. नाही. भूक? नाही. एकटं वाटत असेल. “मी हितंच हाय की.” उकाडा? काकींनी ओलं फडकं अंथरून पाहिलं. नाही. मग त्यांनी चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर खुणा करायला सुरुवात केली. बुरनू रडला की उभी रेघ, शू केली की गोल, जेवला की फुली. भिंत आठवड्यात भरली. मी ती वहीत उतरवून घेतली, रकाने आखले, आणि मला त्यातून काहीच दिसेना. रेघा कधी बारा वाजता, कधी दोन वाजता, एका शुक्रवारी तर दिवसभर.

“मना आत बसाया पाहिजे परत,” काकी म्हणाल्या.

या वेळी मी रजेवर होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. बुरनू आत झोपलेला होता, त्याला एका बाजूला सारून काकी आत शिरल्या आणि त्याच्या अंगावर हात ठेवून बसल्या. मी बाहेर. मागे लूम चालू होते, खटाक्‌-खट, खटाक्‌-खट. मला तोवर तो आवाज ऐकू येईनासा झाला होता. भिंत, जमीन, पेल्यातलं पाणी, सगळं त्याच्याबरोबर बारीक हलायचं, आणि तेही जाणवेनासं झालं होतं. आम्ही तासभर तशा बसलो. काकींना डुलकी लागत होती.

आणि लाइट गेली.

लूम एकेक करत थांबले. सगळ्यात शेवटचा दोनदा अडखळला आणि गप्प झाला. त्याबरोबर बुरनू ताडकन उठला. काकीही उठल्या, त्यांचं डोकं वर जाळीला आपटलं. पिल्लू ओरडत होतं आणि काकी आतून मला ओरडून सांगत होत्या, “आवाज गेला, बाय! जमीन थांबली! कोन तरी शेजारी बसलेलं हाय आन् उटून गेलं, असं झालं मना!”

मी दार उघडलं. काकी बाहेर आल्या त्या हसतच. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरची प्रत्येक रेघ आम्ही आठवून पाहिली. बारा वाजता, लाइट गेली होती. दोन वाजता, त्या दिवशी लाइट उशिरा गेली होती. आणि शुक्रवारी गाळ्याला सुट्टी असते. चाचा मागच्या दाराने हवा खायला बाहेर आले होते, त्यांना काकींनी बोलावून सगळं समजावलं. चाचा म्हणाले, “तो यूँ कहिए अम्मा, ये कुत्ता नहीं, कारीगर है. हमारा भी यही हाल है. गाँव जाते हैं तो चार दिन नींद नहीं आती.”

एवढ्यात काकींचं लक्ष बुरनूकडे गेलं. तो कोपऱ्यात अजून थरथरत होता. त्यांचं हसू उतरलं. “बग,” त्या म्हणाल्या, “तो मराया लागलाय आन् मी नाचतेय.” त्यांनी त्याला पोटाशी घेतलं आणि लाइट येईपर्यंत बोटांनी जमिनीवर ठेका धरून बसल्या. खटाक्‌-खट. खटाक्‌-खट.

आता त्याला शांततेची सवय लावायची होती. चाचांनी लूममधे इकडून तिकडे धावतो तसला एक जुना लाकडी धोटा आणून दिला. लाइट गेली की काकी त्याने उंबऱ्यावर ठोके द्यायच्या, आणि रोज थोडे कमी करायच्या. पण ते नीट सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच मुलगा आला. नात रडून रडून आजारी पडायच्या बेताला आली होती. बुरनूने घरात घाण करणं सोडलंय, खोपीत राहतो, एवढं पाहून मुलगा खूश झाला. काकी सांगत होत्या, अजून पंधरा दिवस ठेव, याला आवाज लागतो. मुलगा हसला. “आई, कुत्र्याला लूमचा आवाज लागतो, हे मी घरी कोणत्या तोंडाने सांगू?”

पिल्लू गेलं. खोपी गेली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, काकींच्या घरातला फोन वाजला. मुलाचा होता, आणि मी शेजारीच होते. सहाव्या मजल्यावर दार-खिडक्या लावल्या की पान हललेलं ऐकू येत नाही, आणि बुरनू दिवसभर रडत होता. मुलगा गोदामावर, सून नोकरीवर, नात शाळेत. शेजाऱ्यांनी सोसायटीकडे तक्रार केली होती. उद्या सकाळी त्याला गोदामावर नेऊन बांधायचं ठरलं होतं.

काकींनी फोन ठेवला आणि पायरीवर जाऊन बसल्या. मी म्हणाले, गोदामावर त्याला खायला-प्यायला मिळेल, काकी. तिथे ट्रकचा आवाजही असतो.

“आमच्याकरं एक कुत्रा हुता,” त्या म्हणाल्या. “यांनी पाळलेला. खळ्यावर बांदलेला असायचा. अकरा वर्सं. मी रोज भाकरी घालायचे त्याला. मानेभोवती साखळीनं कातडं गेलेलं, तिथं हलद लावायचे. पन सोडला न्हाय कदी. सोडला तं हे काय बोलतील, म्हनून. एकदा सोडून बगायचं हुतं, काय करतो ते. पळाला असता, न्हाय तं तितंच बसला असता. मना अजून ठाव न्हाय.”

एवढं बोलून त्या उठल्या. “तुज्याकरं तो गाण्याचा डबा हाय न?”

माझ्याकडे रेकॉर्डिंगचं बटण असलेला छोटा टेपरेकॉर्डर होता, पण कोरी कॅसेट नव्हती. एकच कॅसेट होती, घरबसल्या इंग्रजी संभाषण शिकवणारी. मी ती घातली. आम्ही दोघी गाळ्यात गेलो. दोन्ही बाजूंना लूम, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, हवेत कापूस. काकी टेपरेकॉर्डर दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, अर्धा तास, एकदाही न हलता. चाचा जवळ येऊन त्यांच्या कानात ओरडले, “अम्मा, चालीस साल में इस आवाज ने हमारे कान खा लिए, और आप इसे भर के ले जा रही हैं!”

दुपारच्या एसटीने आम्ही कल्याणला पोचलो. खोपी बाल्कनीत ठेवलेली होती. लुगडं काढून, धुऊन, घडी करून ठेवलेलं. बुरनूचा आवाज घोगरा झाला होता. काकी थेट बाल्कनीत गेल्या. खोपी आत आणली, लुगडं चढवलं, टेपरेकॉर्डर मागे जमिनीवर ठेवला, आवाजाचं चाक पूर्ण फिरवलं आणि बटण दाबलं.

खटाक्‌-खट, खटाक्‌-खट. शोकेसमधले काचेचे ग्लास वाजायला लागले. सुनेने कानांवर हात ठेवले. आणि बुरनू गप्प झाला. त्याने मान वाकडी करून टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, हुंगलं, खोपीत जाऊन एक गिरकी घेतली आणि धपकन आडवा झाला. दहा मिनिटांत घोरायला लागला. मुलगा एकदा आईकडे, एकदा कुत्र्याकडे पाहत नुसता उभा होता.

अर्ध्या तासाने लूम थांबले आणि एक माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, “गुड मॉर्निंग! हाऊ डू यू डू?” बुरनू दचकून बसला. नात हसत सुटली, मग सगळेच हसले. मी उठून कॅसेट मागे फिरवली.

“आट दिवस दे मना,” काकी मुलाला म्हणाल्या. “मी र्‍हाते हितं. मग तुजं तू ठरव.” मुलगा आणि सून एकमेकांकडे पाहायला लागले. मला त्यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून मी निघाले.

बुधवारी सुनेचा मला शाळेत फोन आला. “बाई, एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “आज मला सुट्टी होती. टेपचा आवाज आई रोज थोडा कमी करतात. दुपारी त्यांना झोप लागली म्हणून मी तो पूर्ण बंद करून पाहिला. ब्रूनो काहीच बोलला नाही, झोपून राहिला. पण आई उठून बसल्या. दोनदा असंच झालं.” मग म्हणाली, “आई आमच्याकडे कधी राहत नाहीत हो. सकाळी येतात, संध्याकाळी परत. नऊ वर्षं झाली. मला वाटायचं, माझंच काही चुकतं. जेवण आवडत नसेल, बोलणं आवडत नसेल. आज सरळ विचारलं त्यांना. तर म्हणतात, ‘तुजं काय न्हाय गं. हितं लई गप्प हाय. झोप येत न्हाय मना.’ मग हे आधी का नाही सांगितलं, विचारलं. तर म्हणाल्या, ‘मना बी आत्ताच कळलं.’”

काकी नवव्या दिवशी परत आल्या. मी शाळेतून येऊन पाहते तर पायरीवर बसलेल्या, शेजारी पिशवी. टेपरेकॉर्डर कल्याणलाच ठेवला होता. बुरनूला आता तो लागत नव्हता, पण काकी महिन्यातून चार दिवस तिकडे जाणार होत्या आणि सुनेने तो त्यांच्या खाटेखाली ठेवून घेतला होता. गोदामाचं नाव पुन्हा कोणी काढलं नव्हतं.

मी विचारलं, “निघताना त्याने त्रास दिला का?”

“सगली आपापल्या कामाला गेली,” काकी सांगायला लागल्या. “मी त्याला खोपीत घातला, दार लावलं. टेप न्हाय लावला. घराची कडी लावली, लिफ्टनं खाली आले. मग म्हनलं, गेटातनं बाहेर जायच्या आदी बगू तरी. त्यांच्या खिरकीच्या खाली येऊन उभी र्‍हायले.”

“मग?”

“अर्दा तास उभी हुते, बाय. वॉचमन इचारून गेला दोनदा. तो यकदा बी रडला न्हाय.”

“म्हणजे झालं की शिकून!”

“झालंच,” काकी म्हणाल्या. “लई चांगला शिकला.”

मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि माझ्यापासून ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.